राहिलेलं कुंकू

शिंपी, सोनार आणि फोटोवाला या तिघांच्या जिभेवर सटवाईनं ‘उद्या या’ एवढे दोनच शब्द लिहून ठेवलेले असतात, असं लालबागची माणसं म्हणायची. त्याला अपवाद एकच, गंगाधर तळवडेकर. त्याच्या दुकानात कुणी फोटोची बारीकसारीक दुरुस्ती घेऊन गेलं, की तो आधी माणसाला स्टुलावर बसवायचा. “बसा, आत्ता देतो,” म्हणायचा आणि खरंच तेव्हाच द्यायचा. एकदा तर जेवता जेवता आमटीचा हात धुऊन उठला होता. गिऱ्हाईक ओशाळून म्हणालं, “अहो, उद्या चाललं असतं.” त्यावर गंगाधर असा काही भडकला की ते बिचारं फोटो घेऊन आल्या पावली पळालं. लोक म्हणत, धंदा करावा तर असा. लोकांचं काय जातं म्हणायला? त्या घाईमागे काय आहे ते त्याची बायको कांता जाणत होती, आणि ती बाहेर बोलत नव्हती.

गंगाधरचा बाप गिरणीत साच्यावर होता. मुलानं कापसाचे तंतू छातीत भरून घेऊ नयेत म्हणून त्यानं त्याला गिरगावातल्या एका स्टुडिओत अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायला लावलं. तिथं गंगाधर धंदा शिकला आणि पुढं लालबागला स्वतःचं दुकान काढलं. गिरगावातली लग्नं म्हणजे कशी, हॉलात पंखे, पाटावर भटजी, आणि फोटोवाल्यालाही पंगतीत मठ्ठा. पण त्या लग्नांना गिरगावचे फोटोवाले होतेच. गंगाधरच्या वाट्याला आली ती वरळी कोळीवाड्यातली लग्नं. तिथल्या गल्ल्या अशा की समोरून म्हावऱ्याची पाटी आली तर माणसानं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. मांडव घालायचा कुठं? तर किनाऱ्यावर, वाळूत, ओढून ठेवलेल्या होड्यांच्या पुढ्यात.

बाकीचे फोटोवाले नाकं मुरडायचे. वाळू कॅमेऱ्यात जाते, खारा वारा भिंगावर बसतो, तिकाटण्याचे तिन्ही पाय रुततात आणि ऐन वेळी कॅमेरा मान टाकतो. गंगाधरनं त्यावर उपाय काढला. तीन करवंट्या पालथ्या घालायच्या आणि त्यांवर तिकाटण्याचे पाय टेकवायचे. कॅमेरा ढिम्म हलत नसे. कोळणींना त्याची मोठी मौज वाटे. “फोटोवाला आला गो, करवंट्या घेऊन आला,” म्हणून पोरं मागं लागत. त्यालाही ते आवडायचं. धवलारणींची लग्नगाणी, बॅण्ड, हसणं-खिदळणं, एकाही माणसानं जागेवर स्वस्थ उभं न राहणं, या सगळ्याला शिव्या घालत घालत तो त्या वाळूत रमायचा.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पूर्वीच्या फिल्मवर तांबडं ते काळं उमटायचं, त्यामुळे बाईच्या कपाळावरचं कुंकू ठसठशीत दिसायचं. मग नवी फिल्म आली. तिच्यावर चेहरे सुरेख यायचे, पण तांबडा रंग फिका पडायचा आणि कुंकू कपाळात विरघळून जायचं. वाळूत तर विचारूच नका. खालून ऊन परतून तोंडावर यायचं आणि उरलंसुरलं पुसून टाकायचं. लग्नाच्या ग्रुपमधल्या सगळ्या सवाष्णी उघड्या कपाळाच्या! तेव्हा फोटो छापून झाला की गंगाधर दुकानातल्या बाकावर बसायचा, केसाएवढं टोक असलेली कुंचली काळ्या शाईत बुडवायचा आणि एकेका कपाळावर कुंकू टेकवत जायचा. हे त्याचं नेहमीचं काम होतं. कोण सवाष्ण आणि कोण नाही हे तो डोळ्यांनीच ठरवायचा. मंगळसूत्र दिसलं, वेणीत फूल दिसलं, हातात काकणं भरलेली दिसली, की लाव कुंकू. विधवेला लागलं तर अनर्थ, म्हणून तिथं मात्र तो फार जपायचा.

पंचावन्न सालच्या मार्गशीर्षात दौलत वरळीकराचं लग्न झालं. दौलतला बाप नव्हता. त्याच्या चुलत्यानं, बुधाजीनं, त्याला वाढवलेलं. बुधाजी हा काळाकभिन्न, दारासारखा रुंद माणूस, आणि आवाज असा की होडीवरून हाक मारली तर बंदरावर ऐकू यावी. सगळं लग्न त्यानं खांद्यावर घेतलं होतं. ग्रुप फोटोसाठी गंगाधरनं माणसं होड्यांपुढं उभी केली, करवंट्यांवर कॅमेरा ठेवला आणि काळ्या फडक्यात डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या काचेवर सगळी वरात उलटी दिसत होती, पाय वर आणि डोकी खाली. इतक्यात बुधाजी गरजला, “थांबा ओ फोटोवाले! माजी मालकीन राह्यली!”

आणि तो मांडवामागं धावला. चुलाण्यापाशी सकाळपासून खपणाऱ्या बायकोला त्यानं हाताला धरून ओढत आणलं. सुंदराबाई नको नको म्हणत होती. अंगावर धुऊन विटलेलं लुगडं, केसांत फूल नाही, हात पिठानं भरलेले म्हणून पदराखाली लपवलेले. जागा उरली होती ती एका कडेला, दोन म्हाताऱ्या विधवांच्या शेजारी. ती तिथं उभी राहिली आणि वाऱ्यानं तिचा पदर गळ्याभोवती गुंडाळला. गंगाधरनं खटका दाबला.

पुढं आठवडाभरानं तो बाकावर बसून कुंकवं लावत होता. ओळीनं सगळ्या कपाळांवरून कुंचली फिरवत तो कडेच्या बाईपर्यंत आला आणि थबकला. फूल नाही, काकणं दिसत नाहीत, गळा पदरानं झाकलेला, शेजारी दोन विधवा. त्याला शंका आली. खरं तर शंका यायचंही कारण नव्हतं. बुधाजीचं ओरडणं त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण तेव्हा डोकं फडक्यात होतं आणि ‘मालकीन’ ही बाई की दुसरी, हे त्यानं पाहिलं नव्हतं. वरळीला जाऊन विचारणं म्हणजे अर्धा दिवस मोडणार. गंगाधरनं मनाशी म्हटलं, विधवेला लावण्यापेक्षा राहिलेलं बरं. कुंचली धुतली आणि फोटो दौलतकडं पोचवला.

कोळीवाड्यात फोटो घरोघर फिरला. बायका त्या, त्यांना काय, तेवढंच निमित्त. “काय गो सुंदरे, बुधाजी कवा गेला? आमाला सांगितलाव नाय!” सुंदराबाई वरून हसली, पण तिनं जेवण टाकलं. बुधाजीला हसूच आवरेना. तो म्हणाला, “आण तो फोटू हिकडं. जातू मी लालबागला, लावून आनतू तुजा कुंकू.”

तो आला तेव्हा दुपार टळत होती. दुकानाच्या दारात नाक्यावरची चारपाच मंडळी जमली होती आणि गंगाधर मधोमध. विषय अर्थात एकच. मुंबई महाराष्ट्राची की नाही, दिल्ली काय करणार, संध्याकाळी रेडिओवर काय सांगणार! गंगाधर तावातावानं बोलत होता. मुंबई कुणाच्या बापाची नाही, घाम गाळणाऱ्यांची आहे, असं काहीतरी. तेवढ्यात बुधाजी पुढं होऊन म्हणाला, “फोटोवाले, जरा बगता काय? माज्या बायकोच्या कपालावर कुंकू नाय.”

मंडळी हसली. गंगाधरला ते लागलं. आपली चूक चारचौघांत, तीही ऐन बोलण्याच्या भरात! शिवाय ती शंका त्याच्या मनात होतीच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. फोटो हातात घेऊन, नीट न बघताच तो म्हणाला, “ठेवून जा. उद्या या.”

“आता नाय होनार?”

“तुमच्यासाठी आता शाई कालवू होय? उद्या या म्हटलं ना.”

शाई कालवायची नव्हती. बाटली भरलेली होती, कुंचली बाकावर होती, आणि बाक चार हातांवर होता. पण त्यासाठी उठावं लागलं असतं, आणि वाद जिंकायचा राहिला असता. बुधाजी बिचारा “बरा, उद्या येतू,” म्हणून वरळीच्या वाटेला लागला. ज्या मुलखात मुंबई कुणाची याचा वाद चालला होता, तिथला तो सगळ्यांत जुना, मूळचा कोळी माणूस. हे गंगाधरच्या ध्यानात आलं ते फार पुढं.

त्या संध्याकाळी रेडिओवर घोषणा झाली की मुंबई महाराष्ट्राला नाही, केंद्राच्या ताब्यात जाणार. रात्रीपासूनच गिरणगाव पेटलं. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर दगड, टायर, पोलिसांच्या गाड्या. कांतानं दाराला कडी घातली आणि म्हणाली, “आज दुकान उघडूचा नाय. माका विधवा करूची आसा तुमका?” गंगाधर चाळीतच बसला. दुपारी गोळ्यांचे आवाज आले तेव्हा सगळी चाळ जिन्यात जमली होती. पुढं संचारबंदी आली आणि दिवस कसे गेले ते कुणालाच धड आठवत नाही.

संचारबंदी उठल्यावर तो दुकानाच्या फळ्या काढायला गेला, तर शेजारचा पानवाला रामजी जवळ आला. फळीवरच्या काळ्या डागाकडं बोट दाखवून हळूच म्हणाला, “गंगाधर, तुझ्या पायरीवर एक कोळी बसला होता रे. मी त्याला सांगितलं, बाबा, घरी जा, आज कोणी उघडत नाही. तर म्हणतो, ‘मना बोलावलाय. आज या म्हनलेत.’ मग गोळीबार झाला. सगळे पळाले. तो उठेउठेपर्यंत…”

गंगाधरनं हातातली फळी भिंतीला टेकवली आणि तो आत गेला. 

खणात फोटो तसाच होता. गंगाधरनं तो काढला आणि पहिल्यांदा नीट पाहिला. होडीला टेकून बुधाजी उभा, हसता हसता मान कडेच्या बाईकडं वळवलेली. कोण कुणाची बायको हे आंधळ्यालाही कळलं असतं. बैल गेला अन् झोपा केला, तशातली गत. कुंचली उचलावी आणि ते कपाळ भरून टाकावं असं त्याला वाटलं. पण आता ती बाई खरंच विधवा झाली होती, आणि ज्या माणसाला ते कुंकू हवं होतं तो नव्हता. लावावं तर थट्टा, न लावावं तर शाप. त्यानं फोटो परत खणात ठेवला.

वरळीला जायला हवं होतं. तो गेला नाही. आज जाऊ, पुढल्या आठवड्यात जाऊ, असं म्हणत गेला नाही. वाळूवरची लग्नं त्यानं घेणं सोडलं. कुणी बोलवायला आलं तर कॅमेरा बिघडलाय म्हणून सांगे. निवडणूक आली, संयुक्त महाराष्ट्र समितीचा जयजयकार झाला, हुतात्म्यांची नावं घेऊन लोक रडले. गंगाधरही सभेला जाई, पण घोषणा देत नसे. दारात मंडळी जमली की तो आत जाऊन बसे. लोकांना वाटे, गोळीबारानं माणूस हबकला. खाई त्याला खवखवे. खवखव गंगाधरला होती आणि ती कांताखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. एकदा ती म्हणाली, “गोळी तुमी झाडल्यात काय?” तो म्हणाला, “नाही. मी फक्त माणूस आणून उभा केला.” त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

साठ साल उजाडलं. महाराष्ट्राचं राज्य होणार हे नक्की झालं आणि लालबागला गुढ्या-पताकांची तयारी सुरू झाली. त्याच धामधुमीत एके दिवशी दौलत दुकानात येऊन उभा राहिला. धाकट्या बहिणीचं लग्न होतं, वाळूवरच, होड्यांपुढं. “तुमीच या फोटोवाले. काकी म्हनली, करवंट्यावालाच बोलाव.”

“कोण काकी?” गंगाधरनं विचारलं, जणू त्याला माहीत नव्हतं.

“सुंदराकाकी. बुधाजीकाकाची.”

कॅमेरा बिघडलाय हे शब्द त्याच्या ओठांवर आले आणि तिथंच राहिले. डबा घेऊन आलेल्या कांतानं आतून उत्तर दिलं, “येतले म्हणान सांग.” गंगाधर लग्नाला निघाला तेव्हा तिनं खणातला फोटो काढला, शाईची बाटली आणि कुंचली त्याच्यासोबत फडक्यात बांधली आणि कॅमेऱ्याच्या पेटीत ठेवली.

वरळीचा किनारा तसाच होता. बॅण्ड तोच, वारा तोच, पोरं मात्र नवी. करवंट्या पाहून तीही ओरडली. ग्रुपच्या वेळी गंगाधरनं फडक्यातून डोकं काढून स्वतःच विचारलं, “कुणी राहिलंय का?” कडेला दोन बायका उभ्या होत्या, पण त्यांत सुंदराबाई नव्हती. ती मांडवामागं चुलाण्यापाशी होती. फोटो झाला, मंडळी पंगतीला गेली. तो तिकाटणं मोडत असताना ती आपणहून आली. चेहरा ओढलेला, कपाळ मोकळं.

“फोटोवाले, माजा फोटू तुमच्याकडं राह्यलाय.”

त्यानं पेटीतून काढून दिला. फोटोला हात लावण्याआधी तिनं हात लुगड्याला पुसले आणि होडीच्या सावलीत बसून बराच वेळ बघत राहिली. “हसतोय बगा कसा,” ती म्हणाली. “दुसरा फोटू नाय त्याचा. हा मागायला यावा असा लय वाटायचा, पन कुठल्या तोंडानं येऊ? मीच धाडला ना त्याला. शेरात गडबड हाय म्हनत होता. मी म्हनलं, आज या म्हनलेत ना, मग जा. बायका हसतात मना. येवढ्याश्या कुंकवासाठी मी माजा नवरा धाडला. चार वरसं झाली, कुनाला बोलले नाय.”

गंगाधरनं हातातलं तिकाटणं खाली ठेवलं आणि तो वाळूत बसला. चार वर्षं त्याला वाटत होतं की हे ओझं त्याच्या एकट्याच्या उरावर आहे. तेच ओझं इथं ही बाई वाहत होती, आणि तो लालबागला स्वतःचं दुःख कुरवाळत बसला होता. आता गप्प राहावं तर ती उरलेला जन्म असंच समजत राहणार. बोलावं तर ती काय करील कोण जाणे. थुंकली असती तोंडावर तरी चाललं असतं.

“तुम्ही नाही धाडलंत,” तो म्हणाला. “ते आदल्या दिवशी आले होते तेव्हाच ते काम होण्यासारखं होतं. शाई होती, कुंचली होती. मी गप्पा मारत होतो. उठायचा कंटाळा केला आणि उद्या या म्हणालो. तुमचा यात काही दोष नाही, सुंदराबाई. दोष माझा आहे.”

मांडवातून पंगतीचा गलका येत होता. मग तिनं फोटो त्याच्यापुढं धरला.

“लावा आता.”

“आता?” तो चाचरला. “पण तुम्ही…”

“त्या दिवशी मी सवाशीन व्हते. माजा मालक बाजूला उभा हाय. लावा.”

गंगाधरनं फडकं सोडलं. एक करवंटी उलटी केली आणि तिच्यात शाईचा थेंब ओतला. फोटो पेटीच्या झाकणावर ठेवला, कुंचलीचं टोक ओठांनी सारखं केलं, शाईत टेकवलं. डाव्या हातानं मनगट धरलं. श्वास रोखला आणि कडेच्या कपाळावर कुंचली टेकवून उचलली.

सुंदराबाई टक लावून बघत होती. पुढं आणखी काही होईल म्हणून ती थांबली. मग तिनं मान वर करून गंगाधरकडं पाहिलं.

“झाला?” तिनं विचारलं. “येवढाच?”